मांजर सोफा ओरबाडतंय? नखं काढून टाकण्याआधी या चुका टाळा

दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांतली मांजरं लाकडी खांबावर, जिन्याच्या कठड्यावर, परसातल्या कडुनिंबावर नखं पाजळायची आणि कुणाचं तिकडे लक्षही जायचं नाही. आता वडोदऱ्यातली कितीतरी मराठी कुटुंबं मांजलपूर, गोत्री, वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाल्कनीला जाळी, दार बंद, मांजर चोवीस तास घरात. मांजराच्या जिवाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण अशा घरात उभं, जड आणि खरखरीत काय उरतं? सोफ्याचा हात. नाहीतर आजीच्या वेळची संखेड्याची खुर्ची, जिच्यावरचं लाखेचं काम एकदा निघालं की घरच्या ब्रशने परत येत नाही. मग कुणी मावशी सहज सुचवते, “अगं, डॉक्टरकडे नेऊन तिची नखंच काढून टाक ना!”

नखं काढणं म्हणजे कायमची नखं कापणं, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून तोडावं लागतं. पुढच्या दोन पंजांची १० बोटं, म्हणजे १० ठिकाणी अवयव छाटणं. त्यात मांजर चालतं बोटांवर, त्यामुळे पुढे प्रत्येक पावलाचा भार त्या छाटलेल्या टोकांवर येतो. दुखऱ्या पंजांना शी-शूच्या ट्रेमधले खडे टोचतात म्हणून काही मांजरं ट्रे सोडून अंथरुणात लघवी करू लागतात. नखांचा धाक गेला की काही चावू लागतात. घरात मधुमेह असलेलं किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारं माणूस असेल, तर ओरखड्यापेक्षा मांजराचा चावा जास्त घातक. तो खोल जातो आणि लवकर चिघळतो.

ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे, इस्राएलने २०११ मध्ये आणली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११वं कलम प्राण्याचा अंगभंग करणं क्रौर्यात धरतं, आणि फर्निचरसाठी बोटं छाटणं त्यातच मोडतं असं माझं स्पष्ट मत आहे. नखाच्या मुळाशी गाठ झाली असेल तर त्या एका बोटापुरती शस्त्रक्रिया हा वेगळा विषय. नख बाहेर काढणारा स्नायूबंध कापण्याचा ‘सौम्य’ पर्याय कुणी सुचवला, तर त्यालाही नाही म्हणा. त्यात नखं वाढतच राहतात, फक्त मांजराला ती झिजवता येत नाहीत.

खांब आणला, पण बुटका आणि डुगडुगता

“आम्ही स्क्रॅचिंग पोस्ट, म्हणजे नखं घासायचा खांब आणला, ती बघतसुद्धा नाही,” ही तक्रार मी सतत ऐकते. खांब पाहिला की बहुतेक वेळा कारण लगेच कळतं. तो फूट-दीड फूट उंच असतो, हलका असतो आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात कपड्यांच्या स्टँडमागे ठेवलेला असतो.

मांजर नखं घासतं तेव्हा एकाच वेळी तीन कामं करतं. नखावरचं जुनं टरफल काढतं (सोफ्याखाली झाडताना अर्धचंद्रासारखी पारदर्शक सालं सापडतात ती हीच), पाठीपासून पंजापर्यंत अंग ताणतं आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास लावून ‘ही जागा माझी’ असं नोंदवतं. मागच्या पायांवर उभं राहून पुरतं ताणता येईल एवढी उंची खांबाला हवी, म्हणजे साधारण तीन फूट. जोर लावल्यावर तो जरा जरी हलला तरी मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आणि खूण करायची ती माणसांच्या वावरात. रिकाम्या कोपऱ्यात खूण करून तिला काय मिळणार?

दुकानातला महाग खांब घ्यायलाच हवा असं नाही. तीन फुटांचा जाड लाकडी ठोकळा, खाली दोन बाय दोन फुटांचा जाड प्लायवूड, आणि वरपासून खालपर्यंत एकाला एक चिकटून घट्ट गुंडाळलेली दोरी. सुताराला सांगितलं तर तो ठोकळा खालून लांब स्क्रूने पक्का करून देतो. दोरी काथ्याची घ्यायची की सुतळीची, हे मांजराला ठरवू द्या. काथ्या राठ असतो, काहींना तोच आवडतो, काहींना टोचतो. आधी दोन्हींचे तुकडे फळीला गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि बघा. काही मांजरांना उभं काही नकोच असतं. ती गालिचा किंवा पायपुसणं ओरबाडतात. त्यांच्यासाठी खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, उभ्या कडेने एकमेकींना चिकटवून सपाट पाट करा. तो जवळजवळ फुकटात होतो.

खांब ठेवायचा तो ओरबाडलेल्या सोफ्याला खेटून, दिवाणखान्याच्या मधोमध वाटला तरी. दुसरा, जमलं तर, ती झोपते तिथे, कारण उठल्या उठल्या मांजर आधी ताणतं. सोफ्याच्या त्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारी टेप किंवा गुळगुळीत प्लास्टिकची शीट लावा. खांब रोज वापरात आला की दिवसाला काही इंच असा तो तुम्हाला हव्या त्या जागी सरकवा. घाई केली तर ती सोफ्याकडे परत जाते. आणि दोरी फाटून लोंबायला लागली म्हणून खांब फेकू नका. तिच्या दृष्टीने तो आत्ता कुठे तिचा झालाय. झिजलेल्या भागावरच नवी दोरी गुंडाळा.

मिरची, फिनेल आणि डांबरगोळ्या

यावर मला कळकळीने सांगायचंय. सोफ्यावर लाल तिखट भुरभुरवणं, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवणं, फिनेलने पुसणं, निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल लावणं, हे उपाय घरोघरी सांगितले जातात आणि मांजराला ते आजारी पाडतात. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. मांजर पंजे चाटून अंग साफ करतं, त्यामुळे लादीवरचं फिनेल सरळ पोटात जातं. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थॅलीन विषारीच आहे. तिखट डोळ्यात गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

ओरडणं, पाणी उडवणं, पंजा धरून खांबावर घासणं यांतून ती एवढंच शिकते की तुम्ही समोर असताना सोफ्याजवळ जायचं नाही. खांबाला पंजा लावला की त्याच क्षणी खाऊचा तुकडा द्या. दोरीला थोडं कॅटनिप (मांजरांना भुरळ घालणारी एक वनस्पती) चोळून बघा. सगळ्या मांजरांवर त्याचा परिणाम होत नाही आणि पिल्लांवर तर होतच नाही.

एका बैठकीत सगळी नखं

मांजराला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी १८ नखं असतात. ती सगळी एकाच वेळी, दोघांनी दाबून धरून कापायची धडपड झाली की पुढच्या वेळी नेलकटर दिसताच ती पलंगाखाली जाते. जेवून सुस्तावलेली असताना दोन-तीन नखं पुरे, उरलेली उद्या. बोटाच्या वरून आणि खालच्या मऊ गादीवरून हलकंच दाबलं की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी. त्याच्या बरंच अलीकडे, फक्त पारदर्शक टोक कापायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून कापसाने काही मिनिटं दाबून धरा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

नखांवर चिकटवायच्या सिलिकॉनच्या टोप्याही मिळतात आणि चार ते सहा आठवडे टिकतात. पहिल्यांदा डॉक्टरकडून लावून घ्या. बाहेर फिरणाऱ्या मांजराला त्या लावू नका.

हात हेच खेळणं

पिल्लू असताना बोटं नाचवून खेळवलं की मोठेपणी तेच मांजर मुलांच्या हातांवर झेपावतं. काठीला दोरी आणि टोकाला पीस बांधा, सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं तिला दमवा. ओरखडा उठलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, घरचं मांजर असलं तरी. मांजरालाही दरवर्षी ही लस हवी.

अचानक बदल झाला तर

नवरात्रात मैदानातल्या गरब्याचे स्पीकर नऊ रात्री घुमतात, उत्तरायणात गच्चीवर दिवसभर गोंगाट. अशा दिवसांत मांजर जास्त ओरबाडतं, कारण घाबरल्यावर ते आपल्या खुणा वाढवतं. आतल्या खोलीत खांब, पाणी आणि लपायला एक खोकं ठेवा. म्हातारं मांजर मात्र उलट नखं घासणंच कमी करतं. मग नखं जाड होतात, वळतात आणि पंजाच्या गादीत घुसतात, विशेषतः अंगठ्याचं नख, जे जमिनीला टेकतच नाही. दहा वर्षांपुढच्या मांजराचा अंगठा दर आठवड्याला बघा. नख गादीत रुतलेलं दिसलं तर घरी ओढू नका, डॉक्टरकडेच न्या.