मॉडेल रेल्वेच्या लेआउटचे ब्लॉक वायरिंग कसे करावे

साध्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लेआउटवर रुळांत विद्युतदाब सोडला, की त्या रुळांवर उभे असलेले प्रत्येक इंजिन धावू लागते. म्हणून दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायच्या असतील, तर रुळांचे विद्युतदृष्ट्या वेगळे तुकडे, म्हणजे ब्लॉक, करावे लागतात आणि प्रत्येक ब्लॉक हव्या त्या कंट्रोलरला, म्हणजे गाडीचा वेग व दिशा ठरवणाऱ्या उपकरणाला, जोडण्याची सोय करावी लागते. येथे १६.५ मिलिमीटर गेजचा, १२ व्होल्टचा एचओ (१:८७ प्रमाणाचा) लेआउट गृहीत धरला आहे. २३० व्होल्टचा भाग तयार, बंदिस्त अडॅप्टरमध्येच राहू द्यावा.

प्रथम ब्लॉक कागदावर आखावेत. माझा लेआउट कोल्हापूर–मिरज मार्गावर बेतलेला असल्याने ब्लॉकना वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी नावे दिली आहेत. मुख्य मार्गावरचा प्रत्येक ब्लॉक आपल्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब असावा. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक आहे. आलेले इंजिन सुटे करून दुसऱ्या टोकाला न्यावे लागते. त्यामुळे फलाटाच्या बंद टोकाकडील सुमारे ३० सेंटीमीटरचा तुकडा वेगळा ब्लॉक ठेवावा, कारण २० मीटरचे इंजिन १:८७ प्रमाणात २३ सेंटीमीटरचे होते.

दोनपैकी एक रूळ सर्वत्र अखंड ठेवून तो सामाईक धरावा आणि दुसरा प्रत्येक ब्लॉकच्या सीमेवर तोडावा. तेथे प्लॅस्टिकचे जोड वापरावेत. करवतीने फट पाडली असेल, तर तीत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा चिकटवून भरावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्लायवूड ओलावा धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा जुलैत पाडलेली मोकळी फट एप्रिलमध्ये मिटलेली आढळते.

प्रत्येक ब्लॉकच्या तोडलेल्या रुळाला एक वायर सोल्डर करून ती मधोमध बंद राहणाऱ्या तीन स्थितींच्या टॉगल स्विचच्या मधल्या टोकाला आणावी. स्विचच्या एका बाजूला कंट्रोलर ‘अ’, दुसऱ्या बाजूला ‘ब’ जोडावा. दोन्ही कंट्रोलरची उरलेली वायर सामाईक रुळाला जाते.

याच ठिकाणी मी सर्वाधिक वेळ गमावला आहे. दोन्ही कंट्रोलर एकाच १२ व्होल्टच्या मोठ्या सप्लायवर चालतील, फक्त ॲम्पिअर पुरेसे असावेत, असा सल्ला मला मिळाला होता आणि आजही तो सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन्ही गाड्या एकाच दिशेला धावत असेपर्यंत सर्व ठीक दिसते. मात्र एका कंट्रोलरची दिशा उलटवली, की त्याचा दिशा-स्विच सामाईक रुळाला सप्लायच्या धन टोकाशी जोडतो, तर दुसऱ्याने तोच रूळ ऋण टोकाशी जोडलेला असतो. परिणामी सप्लायची दोन्ही टोके थेट एकमेकांना भिडतात, म्हणजे शॉर्ट होतो. मी तीन रविवार रुळांत पडलेला खिळा आणि सांध्यांतील दोष शोधत राहिलो, सर्व सोल्डरिंग पुन्हा केले. वास्तविक रुळांत दोष नव्हताच. दोष दिसतो तेथे तो नसतो, हे या बिघाडाचे सर्वांत फसवे लक्षण आहे.

त्यामुळे प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, आणि तो खरोखर स्वतंत्र आहे याची खात्री जोडणीपूर्वीच करावी. दोन्ही अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलेले परंतु स्विच बंद असताना, एकाच्या आउटपुटची प्रत्येक वायर दुसऱ्याच्या प्रत्येक वायरशी मल्टिमीटरवर, जोडणी असल्यास बीप वाजवणाऱ्या स्थितीत, तपासावी. कोठेही बीप वाजता कामा नये. काही सप्लायचे ऋण टोक अर्थिंगला जोडलेले असते, आणि असे दोन सप्लाय अर्थिंगमार्गे एकत्र येतात. एकच सप्लाय वापरणे अपरिहार्य असेल, तर सामाईक रुळाचा विचार सोडून दोन्ही रूळ तोडावेत आणि दोन्ही वायर एकत्र बदलणारे, मधोमध बंद राहणारे दुहेरी टॉगल स्विच घ्यावेत. खर्च व वायर वाढतात, तरीही माझ्या मते हाच एकमेव योग्य पर्याय उरतो.

चाचणी एका वेळी एकाच ब्लॉकची, बाकी सर्व स्विच बंद ठेवून करावी. गाडी चालवताना पुढच्या ब्लॉकचा स्विच इंजिन सीमेवर पोहोचण्यापूर्वीच त्याच कंट्रोलरकडे वळवावा. इंजिनाची चाके फट ओलांडताना दोन्ही ब्लॉक क्षणभर जोडतात, आणि पलीकडचा ब्लॉक उलट दिशेच्या कंट्रोलरवर असेल तर तेथेच शॉर्ट होतो.