प्रोकमेल: पॅच हाताने लागतो, पॅकेज बांधताना अडतो

लक्षण: डेबियन लिनक्सवर प्रोकमेल (आलेली मेल छाननारा प्रोग्राम) 3.22 वरून 3.24 वर आणताना माझे ऐच्छिक पॅच (सोर्समधल्या बदलांच्या फाइली) «क्विल्ट पुश -ए» ने बिनतक्रार लागत होते. क्विल्ट म्हणजे पॅच ओळीने लावणारं-उतरवणारं साधन. पॅकेजचा सोर्स बांधणारं डीपीकेजी-सोर्स मात्र त्यातल्याच एकावर 'हंक फेल्ड' (पॅचचा एक तुकडा लागला नाही) म्हणून थांबायचं. डोकं अगदी पिकलं.

सोर्स पुन्हा डाउनलोड केला, पॅचचा क्रम बदलला, ओळींच्या शेवटचे सीआर (विंडोज-छाप ओळ-समाप्तीची खूण) काढले. उपयोग शून्य.

कारण निघालं फझ. क्विल्ट सहसा फझ 2 पर्यंत चालवून घेतं, म्हणजे बदलाच्या आजूबाजूच्या, जागा ओळखायला दिलेल्या संदर्भाच्या कडेच्या ओळी जुळल्या नाहीत तरी पॅच लावतं. डीपीकेजी-सोर्स तसूभरही सूट देत नाही.

आधी क्विल्टला पॅच डेबियन/पॅचेस या फोल्डरमध्ये आहेत हे सांगा. मग «क्विल्ट पॉप -ए» करून सगळे उतरवा. आता नुसतं «क्विल्ट पुश», एका वेळी एकच पॅच. संदेशात 'विथ फझ' दिसलं की थांबून «क्विल्ट डिफ» वाचा. सी भाषेत बंद कंसाच्या ओळी सगळीकडे सारख्याच, त्यामुळे तुकडा भलत्याच फंक्शनमध्ये बसू शकतो. जागा बरोबर असेल तरच «क्विल्ट रिफ्रेश», मग पुढचा पॅच. नुसता 'ऑफसेट' (तुकडा काही ओळी वर-खाली सरकून लागला) असेल तर अडत नाही, तरी मी रिफ्रेश करतोच.

'प्रीव्हियसली अप्लाइड' आलं तर ती दुरुस्ती बहुधा मूळ सोर्समध्येच आलेली असते; खात्री करून «क्विल्ट डिलीट -एन» (-एन म्हणजे न लागलेला पुढचा पॅच; नुसतं डिलीट आधी लागलेला पॅच काढतं).

शेवटी पुन्हा सगळे उतरवून «क्विल्ट पुश -ए --फझ=0» चालवा. ऐच्छिक पॅच सिरीज फाइलच्या (पॅचची क्रमवार यादी) तळाशी ठेवा. नको तो पॅच त्याच्या ओळीआधी # लावून वगळता येतो.