कुरणाची जमीन सुधारून चारा सकस कसा करावा

दिवाळीनंतर माळावरचं गवत पिवळं पडतं. गुरं दिवसभर चरतात, पोट भरतं, पण अंग धरत नाहीत. चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातले (गुरांच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू उपाशी राहतात आणि गवत नीट पचत नाही. वाळक्या कुसळी गवतात ती जेमतेम ३-४ टक्के असतात. हे बदलायचं तर आधी जमिनीला काय हवंय ते ओळखावं लागतं.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या. करंगळीच्या पेराएवढं सुकं ढेकूळ त्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी पाहा. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर जिप्समचं, म्हणजे चोपण जमीन सुधारणाऱ्या खनिजाचं, काम नाही. भोवती दुधाळ ढग दिसला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेली, असण्याचा संभव आहे. मग माती तपासून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तरच जिप्सम टाका, तेही अहवालात दिलेल्या मात्रेनं. आपले बरेच माळ चुनखडीचे असतात, तिथे सामू ८ सहज निघतो. मी एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून अशाच माळावर जिप्सम पसरलं. पैसे गेले, गवत होतं तसंच राहिलं. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलट आम्लता असते. तिथे चुना लागतो, पण तोही तपासणीनंतरच.

हलक्या मुरमाला खरी भूक सेंद्रिय कर्बाची. उतारावर आधी समतल चर काढा, नाहीतर टाकलेलं खत पहिल्याच वळवात ओढ्याला जाईल. मग मे महिन्यात एकरी २ टन कुजलेलं शेणखत पसरा. पाझर तलावाचा गाळ मिळाला तर उत्तमच, पण थर बोटभरापेक्षा जाड नको, गवताची बेटं दबतात. मला सगळ्यात आवडतो तो मेंढ्या बसवण्याचा उपाय. धनगरांचा वाडा चार-पाच रात्री बसवला की लेंडी आणि मूत जागच्या जागी मुरतं, वाहतूक शून्य. दर रात्री जागा मात्र बदलायला सांगा.

पावसाच्या तोंडावर एकरी २ पोती सिंगल सुपर फॉस्फेट टाका आणि २ किलो स्टायलोचं बी फोका. बी टणक असतं. ८० अंशांच्या पाण्यात ४-५ मिनिटं ठेवून सुकवा, ओल्या मातीत कालवून वरवर पेरा. ही शेंगवर्गीय वनस्पती हवेतला नत्र जमिनीत आणते आणि चाऱ्यातली प्रथिनंही वाढवते. युरियाचा मारा करू नका, गाजर गवत माजतं. आणि हे सगळं आपल्या चाऱ्याच्या कुरणापुरतंच. काळवीट, लांडगे, माळढोक ज्या नैसर्गिक माळांवर राहतात, तिथली माती तशीच राहू द्यावी, ती गरीब नाही.

पहिला पावसाळा गुरं आत सोडू नका. हिवरे बाजार गावानं चराईबंदीच्या मदतीनं डोंगरावर गवत परत आणलं.

एक पट्टा काहीही न टाकता मोकळा ठेवा. घटस्थापनेच्या सुमारास, गवत फुलोऱ्यात असताना, दोन्हीकडचं कापा. कुसळं पिकली की ती जनावराच्या हिरड्यांत रुततात आणि पानातला कस उतरतो. दोन्ही पेंढ्या सोडून पानं एकीकडे, काड्या एकीकडे करा. पानांचा ढीग कुठला मोठा, ते पाहून पुढच्या वर्षीचं खत ठरवा.