मंडईच्या पिशवीतून बाग आणि छोटं तळं: या चुका टाळा

नर्सरीत 'ट्रॉपिकल' म्हणून मांडलेल्या मोठ्या पानांच्या कितीतरी झाडांचे भाऊबंद मंडईत किलोवर मिळतात. अळकुडी, ओली हळद, आलं, सुरण, रताळं, कमळ, शिंगाडा. गच्चीवर किंवा अंगणातल्या छोट्या तळ्याभोवती एवढी मंडळी जमली की केरळात आल्यासारखं वाटतं. तरी दर पावसाळ्यात ओळखीच्यांकडून एकच तक्रार येते: "लावलं होतं, पण कुजलं." माझ्या अनुभवात दोष कुंडीचा कमी आणि पिशवीचा जास्त असतो. मंडईतला माल खाण्यासाठी निवडलेला असतो, लावण्यासाठी नव्हे. त्यातलं जिवंत काय आणि मेलेलं काय, हे आधी बघायला हवं.

शिजलेलं, भाजलेलं पेरणं

पहिल्या वर्षी मी डब्यातली चार हळकुंडं मातीत पुरली आणि दीड महिना इमानेइतबारे पाणी घातलं. शेवटी आई म्हणाली, "अगं, ती उकडून वाळवलेली असतात!" लावायला हवी ती ओली हळद. ती जानेवारी-फेब्रुवारीत मंडईत दिसते. तेव्हाच घ्या, कोरड्या वाळूत सावलीत ठेवा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावा. पातोळ्यांसाठी हळदीची पानं मग घरचीच होतात.

मखाण्याचंही तेच. ती भाजून फोडलेली लाही, तिला कोंब कुठून येणार? शिवाय मखाणा कमळाचा नव्हेच. ती काटेरी पानांची वेगळी पाणवनस्पती आहे, कुमुदिनीच्या कुळातली. शिंगाड्यात काळे, उकडलेले विकतात ते बाद. ताजा, ओला शिंगाडाच उगवतो. तोही सुकू दिला तर मरतो, म्हणून आणल्यापासून पाण्यातच ठेवायचा.

कमळकाकडीकडून कमळाची अपेक्षा

ही सगळ्यात फसवी चूक. कमळकाकडी म्हणजे कमळाचा कंदच, त्यामुळे लावली की कमळ येईल असं वाटणं साहजिक आहे. पण डोळे असतात पेरांवर, आणि वाढीचं टोक असतं कंदाच्या शेंड्याला. भाजीवाल्याकडे येते ती बहुतेक वेळा दोन पेरांमधली गुबगुबीत कांडी, दोन्हीकडून कापलेली. भोकांतून पाणी आत शिरतं आणि आठवड्यात वास सुटतो. दोन पेरं आणि न मोडलेला शेंडा असलेला अख्खा कंद मिळाला तरच हा खटाटोप करा.

त्यापेक्षा कमळबी घ्या. पूजेच्या सामानाच्या दुकानात कमळगट्टा मिळतो. मात्र माळेतला नको, त्याला आरपार भोक पाडलेलं असतं. सुटं, अख्खं, काळं बी हवं. ते नुसतं पाण्यात टाकलं तर महिनोन् महिने ढिम्म हलत नाही, कारण कवच दगडासारखं असतं. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या एका कोरड्या तळ्यातलं, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळबी उगवल्याचं संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं, ते याच कवचाच्या जोरावर. म्हणून एका बाजूला पॉलिश पेपरवर घासा. आतला पांढुरका गर दिसला की थांबा, गर खरवडू नका. मग कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. जे बी दोन दिवसांनीही तरंगतंय ते टाकून द्या. आठवड्याभरात हिरवा कोंब वर येतो.

पुढची घाई म्हणजे लगेच खोल टाकीत सोडणं. आधी भोक नसलेल्या रुंद टबात वीतभर चिकण माती आणि वर थोडं पाणी एवढंच ठेवा. पहिली पानं पाण्यावर तरंगतात, उभी पानं नंतर येतात. दिवसाचे सहा तास ऊन नसेल तर पानं मिळतील, फूल मिळेल असं सांगता येत नाही.

अळकुडीला आधीच बुडवणं

कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजतं, हे आपण बघत आलो. त्यावरून अळकुडी थेट पाण्यात सोडायचा मोह होतो. पण न्हाणीमागचं अळू मुळं धरलेलं असतं. मंडईतल्या अळकुडीला ना मूळ ना पान, ती पाण्यात फक्त कुजते.

निवडताना टोकाला गुलाबीसर डोळा दिसतो का ते पाहा. घट्ट, जड अळकुड्या घ्या. सुरकुतलेल्या किंवा बोटाने दबणाऱ्या नकोत. ओलसर मातीत, डोळा वर करून, दोन-तीन बोटं खोल लावा आणि उबेत ठेवा. कोंब यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तेवढ्यात उकरून बघू नका (मी बघते, पण तुम्ही नका बघू). दोन-तीन पानं आली की कुंडी तळ्याच्या काठाला, मातीच्या पातळीएवढ्या पाण्यात ठेवा. पुढच्या पंधरवड्यात हळूहळू खाली सरकवा. मातीवर पाच ते दहा सेंटीमीटर पाणी पुरतं. मृगाच्या आसपास लावलेलं अळू नीट वाढलं तर ऋषीच्या भाजीला चार पानं निघतात.

आलं आणि हळद मात्र तळ्याच्या काठावरच, पाण्यात कधीच नाही. त्यांना ओल चालते, साचलेलं पाणी चालत नाही. पान खालून पिवळं पडून बुंधा हाताला सहज सुटून आला तर ती कंदकुज. असा कंद काढून टाका, माती दुसऱ्या कुंडीला वापरू नका.

तळ्यात कोकोपीट

तयार पॉटिंग मिक्स पाण्यात गेलं की त्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तरंगतं, शेणखत विरघळतं आणि चार दिवसांत पाणी हिरवंगार होतं. शेवाळ आलं म्हणून लोक पाणी बदलत बसतात. चूक पाण्याची नव्हे, खताची. तळ्यातल्या कुंडीत चिकण माती भरा, वर खडीचा थर द्या.

सुरणाची फोड

भाजीवाला सुरण कापून देतो. त्या फोडीवर वरच्या मधल्या डोळ्याचा भाग नसेल तर ती फक्त भाजीचीच. लहान अख्खा सुरण मागून घ्या. त्याला सहसा एकच पान येतं, पण छत्रीएवढं, ठिपक्यांच्या दांड्यावर. कंद मोठा असेल तर कधी पानाआधी फूल येतं आणि घरात उंदीर मेला की काय अशी शोधाशोध सुरू होते. घाबरू नका, तो वास माश्यांना बोलावण्यासाठी असतो. कुंडी खिडकीपासून लांब न्या, एवढाच उपाय.

हिवाळ्यात मेलं समजून फेकणं

दिवाळीनंतर हळद, आलं, सुरण पिवळे पडून आडवे होतात. बहुतेक जण इथे दोनपैकी एक करतात: पाणी वाढवतात, नाहीतर कुंडी रिकामी करतात. दोन्ही नको. पाणी तोडा, कुंडी कोपऱ्यात सरकवा. वळवाच्या पावसानंतर कोंब दिसतो.

खाज आणि डास

अळू आणि सुरण दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापताना हाताला मोजे घाला, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. नर्सरीतलं शोभेचं अळू दिसायला तसंच असलं तरी वडीला वापरू नका.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. टब छोटा असला तरी चार-पाच गप्पी मासे सोडा. आणि शिंगाडा किंवा अळू माजलं म्हणून उपटून ओढ्यात, तलावात टाकू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते दिसतंच आहे. जास्तीचं वाळवा आणि कंपोस्टमध्ये घाला.