नारिंगी डोक्याचा कस्तुर शोधताना या चुका टाळा

सह्याद्रीच्या जंगलात कस्तुराचं गाणं ऐकू येतं, पण पक्षी काही दिसत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. बहुतेकदा अडचण एकच असते: सगळ्यांच्या माना वर असतात. नर गायला झाडावर बसतो खरा, पण त्याचं पोट भरतं जमिनीवर. दाट झाडीखाली, बांबूच्या बेटात, ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत जिथे पाचोळ्याचा जाड थर साचलाय, तिथे नजर खाली ठेवा.

दुसरी चूक म्हणजे सतत चालत राहणं. पायाखाली पानं वाजली की कस्तुर एकतर जागच्या जागी स्तब्ध होतो, नाहीतर उडून फांदीवर जातो. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी एका जागी गप्प उभे राहा आणि पाचोळ्याची सळसळ ऐका. चोचीने पान उलटायचं, बाजूला भिरकवायचं, क्षणभर थांबून बघायचं आणि गांडूळ, किडा, कोळी किंवा गोगलगाय टिपायची, ही त्याची पद्धत. अशी सळसळ सातभाईही करतात, पण ते कलकलाट करत थव्याने येतात. कस्तुर सहसा एकटा किंवा जोडीने असतो.

ओळखण्यातही गल्लत होते. हिमालयातल्या फोटोंमध्ये त्याचा चेहरा सगळा नारिंगी दिसतो. आपल्याकडच्या उपजातीचा चेहरा मात्र पांढरा आणि त्यावर दोन गडद उभे पट्टे. पक्षी वेगळा नाही, जात तीच. नराची पाठ निळसर राखाडी, मादीची जास्त तपकिरी.

तो फक्त किडे खातो असंही समजू नका. बोरांसारखी छोटी रानफळं, वड-उंबराची फळंही त्याला चालतात, म्हणून फळलेल्या झाडाखाली जरूर थांबा.

पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ. तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावणं मला अजिबात मान्य नाही. नर घुसखोर समजून धावून येतो आणि पिल्लांना भरवायचा वेळ त्यात जातो.

त्याचं मोठं नुकसान होतं ते पाचोळा गोळा करून जाळल्याने. स्वच्छता म्हणून आपण त्याचं ताटच उचलून नेतो. जंगलालगत बाग असेल तर वाट झाडा, पण झाडाझुडपांखालचा थर तसाच राहू द्या. तिथे कीटकनाशक फवारू नका आणि गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्याही टाकू नका.