लाइन गेली तरी रोबोटचा हात खाली नाही आला पायजे: सांध्याच्या ब्रेकचा हिशोब असा काढा

आपल्याकडं लाइन कधी जाईल काही भरोसा नाही, म्हणून सांध्याले ब्रेक असा पायजे जो करंट गेल्यावर लागतो. म्हणजे पकडते स्प्रिंग, कॉइल फक्त सोडवते. बरेच पोरं कॉइलपासून सुरू करतात, तसं नका करू भाऊ, स्प्रिंगपासून सुरू करा.

समजा संत्री उचलणारा हात आहे, हात अन् माल मिळून ५ किलो, वजनाचा मध्य सांध्यापासून ४० सेंमीवर. सांध्यावर टॉर्क (फिरवणारा जोर) झाला साधारण २० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स ५०:१ असेल तर मोटरच्या शाफ्टवर फक्त ०.४, दुप्पट धरून ०.८ घ्या. ब्रेक मोटरच्या बाजूलेच बसवा, लहान अन् स्वस्त पडते, पण मधातला बेल्ट तुटला तर तो ब्रेक काही कामाचा नाही हे ध्यानात ठेवा. माणूस खाली काम करत असेल तर सांध्यावरच लावा.

आता लायनरची (घासून पकडणाऱ्या अस्तराची) चकती, बाहेरून ४० मिमी, आतून २४, म्हणजे सरासरी त्रिज्या १६ मिमी. दोन्ही बाजूनं घासते, घर्षणांक ०.३ च धरा. मग स्प्रिंगचा दाब लागते साधारण ८५ न्यूटन. जिनिंगमधे लावत असाल तर झाकण पक्कं करा, रुईची धूळ अन् तेल लायनरवर बसलं की हा हिशोब गेला.

ब्रेक सोडवाले कॉइल लोखंडी प्लेट स्वतःकडं ओढते, कॉइलची बॉडी अन् प्लेट यांच्यातली फट म्हणजे गॅप. कॉइलनं हा दाब झिजलेल्या गॅपवर ओढला पायजे, नव्या गॅपवर नाही. नवीन गॅप ०.१५ मिमी, झिजून ०.३ होते, अन् ओढ गॅपच्या वर्गानं कमी होते, म्हणून नवा असताना झकास चालणारा ब्रेक काही महिन्यांनी सुटतच नाही. ओढ दीडपट, १३० न्यूटन धरा. बॉडीचा आतला-बाहेरचा पोल (प्लेटले ओढणारं तोंड) मिळून ८०० चौ. मिमी असेल तर ०.६४ टेस्ला लागते, ०.३ च्या गॅपले ३०० अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे). लोखंडातला लॉस धरून ४००, अन् कॉइल तापली की रेझिस्टन्स ८० डिग्रीवाढीत ३० टक्क्यानं वाढते, वरून व्होल्टेज डाऊन, म्हणून थंड असताना ६०० ठेवा.

इथं एक गंमत आहे, व्होल्टेज ठरलेलं असलं की अँपिअर-टर्न तारेच्या जाडीवर ठरतात, वेढ्यांवर नाही. वेढे वाढवले तर फक्त तापणं कमी होते. २४ व्होल्ट अन् एका वेढ्याची लांबी ९० मिमी असेल तर ३४ गेजची तार, १५०० वेढे, रेझिस्टन्स ५४ ओहम, जवळपास ११ वॅट. प्लेट चिकटली की गॅप उरत नाही, तवा व्होल्टेज अर्धं करा, ३ वॅटच्या आत येते. बॉडी एमएसची (माइल्ड स्टीलची), अन् प्लेटमधे पितळेची पातळ शिम टाका, नाहीतर करंट गेल्यावरही चिकटून राहते.

कॉइलले नुसता डायोड लावला तर करंट हळू मरते अन् ब्रेक उशिरा लागते, तेवढ्यात हात घसरतो. डायोडसोबत सिरीजमधे उलट्या दिशेनं झेनर (ठराविक व्होल्टेजवर उलटा करंट जाऊ देणारा डायोड) टाका. हलवताना आधी मोटरनं भार धरायचा मग ब्रेक सोडायचा, थांबताना ब्रेक लागू द्या, मगच मोटर बंद.

नवीन लायनर थोडं घासून बसल्याशिवाय पूर्ण पकड देत नाही, ते झाल्यावर ४० सेंमीवर हात धरून एकूण १० किलो होईल एवढं वजन लटकवा अन् सप्लाय काढा. खाली कोणी उभं नको बाप्पा.