मार्च संपायच्या आधी: तासाचे दर बदलण्याची तयारी

कामाच्या तासांची नोंद आणि त्यांचे दर ठेवणारं सॉफ्टवेअर सगळ्यांत शेवटी उघडायचं, हे आधीच सांगून ठेवते. आमचं ऑफिस नागपूरच्या प्रतापनगरात आहे. 17 माणसं, आणि काम स्टीलच्या इमारतींची ड्रॉइंग्ज काढण्याचं. दोन क्लायंट अमेरिकेतले, एक पुण्याचा, बाकीचे बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतले. बहुतेकांना बिल तासावर जातं. होळी झाली, कूलरला नवीन गवत भरायची लगबग सुरू झाली, की सर केबिनमधूनच विचारतात, "यंदाचे रेट टाकले का?" टाकायला अर्धा तास पुरतो. त्याच्या आधीच्या कामाला तीन आठवडे लागतात, आणि ही यादी त्या तीन आठवड्यांची आहे.

मागच्या वेळी मी उलटं केलं होतं. 2 एप्रिलला सकाळी चहा हातात घेऊन बसले आणि टेक्सासच्या क्लायंटचा दर 22 डॉलरचा 24 केला. सॉफ्टवेअरनं विचारलं, हा दर इथून पुढे लावू, अमुक तारखेपासून लावू, की आधीच्या सगळ्या नोंदींनाही लावू? मी न वाचता तिसऱ्यावर टिचकी मारली. मार्चचं बिल 22 नं आधीच गेलेलं होतं. क्लायंटकडे मात्र रिपोर्टची चालू लिंक होती आणि तिच्यात मार्चचे 412 तास 24 नं दिसायला लागले. बिलात आणि रिपोर्टमध्ये 824 डॉलरचा फरक. त्याचं मेल सभ्य होतं, पण "तुमचा कोणता आकडा खरा धरायचा?" हा प्रश्न सभ्य भाषेतही टोचतो. दर परत 22 केला, पण तोही "आधीच्या सगळ्या नोंदींना" लावला, म्हणून त्याच्या मागच्या वर्षीच्या 20 च्या नोंदीसुद्धा 22 झाल्या. जुनी बिलं समोर ठेवून महिनावार दर पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले.

म्हणून यादीत पहिली येते ती तारीख. प्रत्येक नव्या दरासमोर तो कधीपासून लागणार हे कागदावर लिहिलेलं पाहिजे, आणि ती तारीख सगळ्यांची एकच नसते. आमच्याकडे पगार 1 एप्रिलपासून वाढतात. पुण्याच्या क्लायंटच्या करारात दरवाढीची सूचना 30 दिवस आधी लेखी द्यायची असं आहे, म्हणजे पत्र मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी गेलं नाही तर त्याचा एप्रिल जुन्याच दरानं जाणार. बुटीबोरीच्या एका कारखान्याची पर्चेस ऑर्डर सप्टेंबरपर्यंत आहे, तिच्यावर दर छापलेला आहे, तिथे मधेच काही वाढत नाही. आणि ऑफिस बॉय, मदतनीस यांचा दर किमान वेतनाला बांधलेला असेल तर एप्रिलची वाट बघायचीच नाही. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला बदलतो.

हे सगळे दर ज्या शीटवर लिहायचे ती बनवताना माणसाच्या नावापुढे दोन वेगळे रकाने ठेवायचे. एक आपल्याला त्याचा तास कितीला पडतो, दुसरा क्लायंटला तो कितीला विकतो. सॉफ्टवेअरमध्ये ही दोन खाती शेजारी-शेजारी असतात आणि नावंही सारखी वाटतात, त्यामुळे घाईत एकातला आकडा दुसऱ्यात जातो. आमच्याकडे एकदा 260 रुपये ज्या रकान्यात गेले त्याचं चलन डॉलर होतं. त्या महिन्याच्या रिपोर्टनुसार एक ज्युनिअर ड्राफ्ट्समन ताशी 260 डॉलर घेत होता आणि प्रोजेक्ट प्रचंड तोट्यात होतं. सरांनी तो रिपोर्ट प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवला, "पार्टी दे" म्हणून. तेव्हा कोणता रकाना कोणत्या चलनात आहे ते शीटच्या डोक्यावरच लिहावं. पगाराचा खर्च रुपयांत आणि बिल डॉलरमध्ये असेल, तर नफ्याचा रिपोर्ट रूपांतर करून देतो की नुसता आकड्यातून आकडा वजा करतो, हेही एकदा तपासावं.

आता तास कितीला पडतो ते काढणं. इथे मात्र थांबावं लागतं, कारण बहुतेक ऑफिसांत हा आकडा चुकीचाच असतो. समजा एकाचा नवा पगार 36,000, त्यात मूळ वेतन 18,000. पगारपत्रकाच्या जुन्या सवयीनं 26 दिवस आणि 8 तास धरले तर महिन्याचे 208 तास होतात आणि तास 173 रुपयांना पडतो. पण आम्ही पाच दिवसांचा आठवडा चालवतो. वर्षाचे 52 आठवडे, 40 तासांनी 2,080 तास. वर्षाचा पगार 4,32,000. भागले की 208 रुपये. (आधीचे 208 तास होते, हे रुपये. योगायोग आहे, पण शीट वाचणारा दरवर्षी इथे अडखळतो.) तेही पुरत नाही. त्या माणसाला 12 सुट्ट्या आणि 21 रजा धरल्या तर 33 दिवस, म्हणजे 264 तास तो खुर्चीवर नाही. उरले 1,816. आणि पगाराशिवाय मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा 12 टक्के वाटा, म्हणजे मूळ वेतनावर 2,160 रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी, म्हणजे आणखी 866. महिन्याचा खर्च झाला 39,026, वर्षाचा 4,68,312. त्याला 1,816 नं भागा. तास पडतो 258 रुपयांना.

माणूस तोच, पगार तोच, आणि दर 173, 208 की 258? जागेचं भाडं, वीज, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यात अजून आलेलंच नाही. मी खर्चाच्या रकान्यात 258 टाकते, कारण कोटेशन देताना सर त्याच रकान्याकडे बघतात. तुमच्या ऑफिसात दुसरी पद्धत असेल तर असू द्या, पण सगळ्या माणसांना एकच लावा. निम्म्यांना 26 दिवसांचा हिशोब आणि निम्म्यांना वर्षाचा, अशी शीट मी पाहिली आहे. तिच्यातून कोण महाग आणि कोण स्वस्त ते कळत नाही.

हा 258 ओव्हरटाइमला मात्र लावायचा नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ओव्हरटाइम नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट आहे. ती दुप्पट वेतनाची असते. त्यात निधी, ग्रॅच्युइटी, रजा मिसळलेल्या खर्चाची नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुपटीचा गुणक असेल तर तो कोणत्या रकान्याला गुणतो ते आधी पाहून घ्या. नाहीतर ओव्हरटाइम करणाऱ्यानं खूश होऊन पेढे आणायचे आणि पुढच्या महिन्यात तुम्ही वसुलीचं पत्र द्यायचं.

तासावर पैसे घेणारे आमचे चार जण आहेत, घरून काम करणारे. त्यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांच्या बाबतीत सॉफ्टवेअरमधला आकडा हाच त्यांच्या खात्यात जाणारा पैसा. त्यांतल्या एका दादांचा दरवर्षी मार्चच्या शेवटी फोन येतो, "ताई, माहे मार्चचे तास नव्या रेटनं लागन का जुन्या?" जुन्याच. पण त्यांनी मार्चचे तास 5 एप्रिलला भरले तर? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दर लागतो तो नोंदीच्या तारखेनं, भरल्याच्या तारखेनं नाही. तरी मी विश्वासावर राहत नाही. 31 तारखेच्या रात्रीपर्यंत टाइमशीट भरा, असा निरोप मी 25 लाच ग्रुपवर टाकते, 30 ला पुन्हा टाकते आणि दोन जणांना फोन करते. कोणते दोघं ते त्यांना माहीत आहे.

पगारवाढीची पत्रं सही होऊन हातात पडल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये खर्चाचा दर बदलायचा नाही. याचं कारण थोडं नाजूक आहे. काही ठिकाणी प्रोजेक्ट लीडला आपल्या प्रोजेक्टचा खर्च दिसतो. एकूण खर्च भागिले तास हे गणित शाळकरी मुलालाही येतं. शेजारच्याला किती वाढ मिळाली हे माणसाला स्वतःच्या पत्राच्या आधी रिपोर्टमधून कळलं, तर पुढचा आठवडा तुम्ही कॅन्टीनमध्ये जाऊ नका. तेव्हा परवानग्यांचं पान उघडून कोणाला काय दिसतं ते पाहून घ्या, आणि जमलं तर एखाद्या सहकाऱ्याच्या लॉगिननं बघा. स्वतःच्या अॅडमिन लॉगिनमधून सगळंच दिसतं, त्यामुळे काय उघडं पडलंय ते कळत नाही.

पत्रं उशिरा निघाली आणि वाढ मागच्या तारखेपासून असेल, तर फरकाची रक्कम पगारपत्रकातून एरियर्स म्हणून द्यावी. खर्चाचा दर मागच्या तारखेनं टाकायला हरकत नाही, बिलाचा टाकू नये. आणखी एक छोटी गोष्ट, जी पगार 21,000 च्या आसपास असलेल्यांना लागू पडते. ईएसआय म्हणजे 21,000 पर्यंत पगार असलेल्यांचा कर्मचारी राज्य विमा. त्याच्या वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. वाढ मे महिन्यापासून देऊन पगार 21,000 च्या वर गेला, तरी सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापावीच लागते आणि मालकाचे 3.25 टक्के खर्चात धरावे लागतात.

आता मार्चची कुलपं. दर बदलण्याच्या आधी मार्चपर्यंतचे सगळे बिलाचे तास बिलात गेलेले हवेत, निदान मंजूर होऊन लॉक झालेले हवेत. मार्चचा तपशीलवार रिपोर्ट एक्सेलमध्ये आणि पीडीएफमध्ये काढून ठेवायचा. जुन्या दरांच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यायचे, कारण काही सॉफ्टवेअर जुना दर जपतात, काही सरळ पुसतात, आणि आपलं कोणतं ते पुसल्यावरच कळतं. चालू टायमर सगळ्यांना बंद करायला सांगायचं. 31 च्या रात्री साडेदहाला सुरू केलेला टायमर पहाटे अडीचला थांबला तर ते चार तास कोणत्या महिन्याचे? अमेरिकेच्या कामात आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे 1 एप्रिलची रात्र बाराला सुरू होते तेव्हा टेक्सासमध्ये 31 मार्चच्या दुपारचे दीड वाजलेले असतात. क्लायंटच्या मते ते मार्चचं काम. कोणाची तारीख धरायची हे मेलवर एकदा ठरवून टाका. आम्ही नागपूरची धरतो आणि बिलाखाली तसं लिहितो.

मग सॉफ्टवेअर उघडायचं. पण आधी दर कुठे-कुठे दडलेत ते शोधा. क्लॉकिफायसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दराला पायऱ्या असतात. टास्कचा दर असेल तर तो चालतो, नसेल तर त्या प्रोजेक्टमधल्या त्या माणसाचा, तो नसेल तर प्रोजेक्टचा, मग माणसाचा, आणि शेवटी सगळ्या ऑफिसचा. तुम्ही माणसाचा दर बदलला आणि बिलात जुनाच येतोय, तर वरच्या पायरीवर कोणीतरी दोन वर्षांपूर्वी आकडा टाकून ठेवलेला असतो. आमच्याकडे तो हिंगण्याच्या एका प्रोजेक्टमध्ये सापडला, टाकणारा नोकरी सोडूनही गेला होता. वर्षभर आम्ही त्या क्लायंटला जुन्या भावानं काम दिलं, आणि मागायची सोय नव्हती. तेव्हा प्रत्येक चालू प्रोजेक्ट उघडून बघा. ठरलेल्या रकमेची प्रोजेक्टं वगळू नका. तिथे बिल तासावर जात नाही, पण खर्च तासावरच मोजला जातो.

आकडे टाकताना एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाकायचं. "लागू तारीख" चा रकाना भरल्याशिवाय सेव्ह दाबायचं नाही. टाकून झालं की चाचणी. एकाच माणसाच्या नावावर, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन खोट्या नोंदी टाका, एक 31 मार्चची एक तासाची, एक 1 एप्रिलची एक तासाची. वरच्या टेक्सासच्या दरांनी बघितलं तर पहिली 22 दाखवेल, दुसरी 24. दोन्हींत 24 आले तर पुढे जाऊ नका. मार्च लॉक केलेला असेल तर पहिल्या नोंदीसाठी तो पाच मिनिटं उघडावा लागतो. नोंदी पुसून पुन्हा लॉक करायला विसरू नका, मी विसरले आहे.

बिलाच्या नमुन्यावरही नजर टाका. देशातल्या क्लायंटला जीएसटीचे 18 टक्के नव्या रकमेवर लागतात. परदेशी बिलं कर न भरता पाठवायची तर एलयूटी, म्हणजे त्यासाठीचं हमीपत्र, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्यानं दाखल करावी लागते, आणि बिलाच्या नमुन्यात तिचा जुना क्रमांक असेल तर तो बदलावा लागतो. आमचे सीए याची आठवण मार्चमध्येच करून देतात.

एप्रिलचा पहिला आठवडा गेला की 1 ते 7 तारखेचा रिपोर्ट काढून शीटच्या शेजारी ठेवते आणि दर रकाना बोटानं टिपत जाते. गेल्या वेळी यात एक नाव निघालं ज्याचा खर्च वाढला होता, पण बिलाचा दर नाही, कारण तो मार्चच्या मध्यावर दुसऱ्या टीममधून आला होता. ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. मग शीटवर सरांची सही घेतली, तिचा फोटो पगाराच्या फोल्डरमध्ये टाकला आणि मार्चची फाइल बंद केली.